वास मातीत ठेवणारी वेल

सई, तिथे पाय देऊ नकोस. गडग्याच्या त्या दोन चिऱ्यांमधून एक बारीक वेल वर आलीय आणि करवंदीच्या जाळीत शिरलीय. तीच दाखवायला तुम्हाला इथवर आणलं. मिहिर, तूही ये. मोबाइल खिशात टाक. फोटो मागून काढ, आधी हाताने बघ.

काय दिसतंय? काहीच नाही म्हणतोस? खरंय, वेल दिसायला अगदी साधी. देठ सुतळीएवढा, तोही काळपट. पानं समोरासमोर, जोडीजोडीने. पण जरा नीट बघितलंस तर गंमत कळेल. खाली जमिनीलगतची ही पानं बघ, अरुंद आणि लांबट, मधल्या शिरेवर पांढरी रेघ ओढलेली. आणि वर करवंदीतून बाहेर आलेली ही पानं? रुंद, अंडाकृती, रेघ जवळजवळ पुसलेली. दोन वेगळ्या वेली आहेत असं वाटतं ना? आता बोटाने देठ धरून वरून खाली ये. सावकाश. आलास ना त्याच मुळाशी? एकच वेल आहे ती. लहानपणीची पानं एक प्रकारची, मोठेपणीची दुसऱ्या. झाडपाला ओळखायला शिकणारी माणसं इथेच फसतात आणि मग एका वेलीची दोन नावं वहीत लिहून ठेवतात.

आता एक पान तोड. पांढरा चीक आला? रुईच्या, कण्हेरीच्या कुळातली आहे ही. म्हणून आधीच सांगून ठेवतो, चीक येणारी वेल दिसली की तोंडात घालायची नाही. या कुळात पोटात जाऊ नयेत अशी बरीच मंडळी आहेत. ही त्यातली सज्जन, पण सज्जन कोण ते मोठ्यांना विचारल्याशिवाय ठरवायचं नाही.

पानाचा वास घे. काही नाही, नुसता हिरवट. फूल शोध, पानाच्या बगलेत असेल. सापडलं? तांदळाच्या दाण्याएवढं जेमतेम. बाहेरून हिरवट, आतून जांभळं. त्यालाही आपल्या नाकाला कळेल असा वास नाही. आता ते खुरपं दे. चिऱ्याच्या बाजूची माती थोडी उकरतो. हे मूळ बघ, पेन्सिलीपेक्षा बारीक, तपकिरी, साल आडवी भेगाळलेली. त्यातला बोटभर तुकडाच घ्यायचा, जास्त नाही. साल नखाने खरवड आणि नाकाशी धर.

आलं ना हसू? मला ठाऊक होतं. पहिल्यांदा हुंगणाऱ्या प्रत्येकाचा चेहरा असाच होतो. "आजोबा, आइस्क्रीम!" बरोब्बर. व्हॅनिला, त्यात किंचित बदाम आणि मागे ओल्या मातीचा वास. हिला आपल्याकडे उपळसरी म्हणतात. घाटावरचे लोक अनंतमूळ म्हणतात, वैद्य सारिवा म्हणतात. चरक-सुश्रुतांच्या ग्रंथांतही सारिवा आहे, इतकी जुनी ओळख.

आता खरा प्रश्न. सई, तू विचारणारच होतीस, मीच विचारतो. मोगरा वास कशाला सोडतो? पतंगाला बोलवायला. फणस पिकला की वास का सुटतो? कुणीतरी यावं, गरे खावेत आणि आठळ्या लांब नेऊन टाकाव्यात म्हणून. म्हणजे झाडाचा वास बहुतेक वेळा हवेत जातो, कुणासाठी तरी जातो. मग या वेलीने सगळा वास जमिनीखाली, चिऱ्यांच्या अंधारात का ठेवला? तिथे ना मधमाशी, ना फुलपाखरू.

उत्तर असं की तिथे दुसरे पाहुणे असतात, आणि ते नको असलेले. मूठभर ओल्या मातीत बुरशा, जिवाणू, सूत्रकृमी आणि किड्यांच्या अळ्या किती असतील याची मोजदाद नाही. या सगळ्यांना मूळ म्हणजे खाऊ. पानाला पळता येत नाही तसं मुळालाही येत नाही, आणि मूळ गेलं तर सगळंच गेलं. पान खाल्लं तर दुसरं फुटतं. म्हणून ही वेल मुळाच्या सालीत एक द्रव्य साठवते. साल म्हणतोय मी, आतलं लाकूड नव्हे. सोलून आतली पिवळसर काडी वेगळी हुंग, जवळजवळ बिनवासाची लागेल. पहारा भिंतीवरच हवा, माजघरात कशाला? आपल्या नाकाला जो आइस्क्रीमचा वास वाटतो तो बुरशीला आणि किड्याला मानवत नाही. म्हैसूरला केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्था आहे. तिथल्या शास्त्रज्ञांनी उपळसरीच्या एका दक्षिणी भावंडाची मुळं धान्याच्या किडींवर वापरून बघितली. त्या मुळांतही हेच द्रव्य असतं, आणि किडी त्याला टिकत नाहीत असं त्यांना दिसलं. आपण चव म्हणून जे पितो ते मुळात विषाच्या बेताचं, फक्त ते विष आपल्यासाठी नव्हे, किड्यासाठी. लवंग, हिंग, लसूण यांचंही तेच. आपल्या सगळ्या मसाल्याच्या डब्याकडे एकदा या नजरेने बघायला हवं, पण ते आजचं काम नाही.

आता तुमच्या आजोबांमधला रसायनाचा मास्तर जागा झालाय, तेव्हा थोडं सोसा. व्हॅनिलाच्या शेंगेत जे सुगंधी द्रव्य असतं त्याला व्हॅनिलिन म्हणतात. त्याच्या एका रेणूत कार्बनचे ८ अणू, हायड्रोजनचे ८ आणि ऑक्सिजनचे ३, एकूण १९. उपळसरीच्या सालीतल्या सुगंधी द्रव्याच्या रेणूत किती? तेच ८, तेच ८, तेच ३. एकही अणू कमी नाही की जास्त नाही. तरी ती दोन वेगळी द्रव्यं आहेत, आणि सराईत नाकाला त्यांचा वासही वेगळा येतो.

असं कसं? पंगत डोळ्यांसमोर आणा. गोल मांडलेले सहा पाट, म्हणजे कार्बनचे सहा अणू. त्यावर तीन पाहुणे बसवायचे. एक अल्डिहाइड नावाचा, वासाचा मुख्य मानकरी. दुसरा हायड्रॉक्सिल, तिसरा मेथॉक्सी. व्हॅनिलिनमध्ये मानकऱ्याच्या बरोब्बर समोर हायड्रॉक्सिल बसतो आणि त्याच्या शेजारच्या पाटावर मेथॉक्सी. उपळसरीत मेथॉक्सी समोर जातो आणि हायड्रॉक्सिल थेट मानकऱ्याच्या मांडीला मांडी लावून बसतो. आता शेजारी बसलेल्या दोघांचं एकमेकांशी गूळपीठ जमतं, ती दोघं आपापसांतच बोलत बसतात. दुसऱ्या पंगतीतल्या कुणाशी बोलायला त्यांना सवड नाही. व्हॅनिलिनमधला हायड्रॉक्सिल मात्र मानकऱ्यापासून लांब पडलेला, म्हणून तो शेजारच्या रेणूंना धरून राहतो.

एवढ्याशा फरकाने काय होतं? पुष्कळ होतं. व्हॅनिलिनचे रेणू एकमेकांना घट्ट धरतात, म्हणून त्याचे स्फटिक वितळायला ८० अंशांच्या वर तापमान लागतं. उपळसरीचं द्रव्य साधारण ४२ अंशांनाच वितळतं. म्हणजे मे महिन्यात चंद्रपूरला याची कुपी ओसरीवर ठेवली तर दुपारी तिचं पाणी झालेलं दिसेल. आणि जे सहज सुटतं ते सहज उडतंही. पाण्याच्या वाफेबरोबर हे द्रव्य भराभर निघून जातं.

आता तुमच्या आजीचं शास्त्र ऐका. तिने रसायन कधी शिकलं नाही. पण उपळसरीचं सरबत करताना ती मुळं कधीच खदाखदा उकळत नाही. धुऊन, पाट्यावर ठेचून, रात्रभर माठातल्या पाण्यात भिजत घालते, वर घट्ट झाकण. सकाळी गाळून साखरेच्या गार पाकात मिसळते. वैद्यकात या रात्रभर भिजवण्याला हिम म्हणतात, आणि वासाच्या औषधांना ही रीत बरी हे जुन्या वैद्यांना पक्कं ठाऊक होतं. ज्यांनी मुळं उघड्या टोपात अर्धा तास उकळली त्यांच्या घरात वास छान दरवळतो आणि पेल्यात तपकिरी पाणी उरतं. वास घरभर म्हणजे पेल्यात नाही, इतका सरळ हिशेब आहे.

व्हॅनिलाचा विषय निघालाच आहे तर एक गोष्ट सांगून टाकतो, थोडं आडवळण होईल. व्हॅनिला ही मेक्सिकोकडची ऑर्किडची वेल. तिची हिरवी शेंग तोडून हुंगली तर काही नाही, कारण व्हॅनिलिन साखरेला जखडलेलं असतं. शेंगा वाफवून, उन्हात घालून, गुंडाळून काही महिने मुरवल्या की मग वास सुटतो. फ्रेंचांनी ती वेल हिंदी महासागरातल्या रेयुनियाँ बेटावर नेली. वेल वाढली, फुलली, पण शेंग धरेना, कारण मेक्सिकोतली परागण करणारी माशी तिथे नव्हती. १८४१ मध्ये त्या बेटावरच्या एदमोन आल्बियस नावाच्या मुलाने बारीक काडीने फुलातला पडदा उचलून, अंगठ्याने पराग दाबून परागण करून दाखवलं. मिहिर, तो १२ वर्षांचा होता आणि गुलाम होता. आजही व्हॅनिलाची लागवड करणारे तेच करतात, फूल फूल हाताने. त्या मुलाच्या युक्तीवर लोक गबर झाले आणि तो गरिबीत मेला. व्हॅनिला महाग का, असं कुणी विचारलं की मला आधी तो आठवतो.

उपळसरीला मात्र असल्या मदतीची गरज पडत नाही. त्या तांदळाएवढ्या फुलात तिने सगळी सोय करून ठेवलीय. बहुतेक फुलांचे पराग पिठासारखे सुटे असतात. हिचे पराग चार-चार एकत्र चिकटलेले, आणि ते ठेवायला फुलात इवल्या पळ्या. पाच पळ्या, खाली चिकट बूड. लहानसा किडा मध शोधत आत तोंड घालतो, ते बूड त्याला चिकटतं आणि तो परागांनी भरलेली पळीच घेऊन उडतो. सांडलवंड नाही. माझ्याकडे भिंग आहे, संध्याकाळी फूल उघडून दाखवतो. डोळ्यांना ताण पडतो हल्ली, तेव्हा पळी तुम्ही शोधायची.

थांब सई, ते पान उलटं कर. होय, तीच! मला वाटलंच होतं की एखादी असेल. घाबरू नकोस, चावत नाही. तपकिरी-पांढरे पट्टे, बाजूने नारिंगी रेघ आणि पाठीवर काळ्या मऊ शिंगांच्या चार जोड्या. कॉमन क्रो नावाच्या फुलपाखराची अळी आहे ही. कण्हेरीवर, वडा-पिंपळाच्या जातीच्या झाडांवर आणि या उपळसरीवरही वाढते. आता ती काय करतेय ते बघा. आधी पानाची मधली शीर चावून ठेवली आहे. का? चीक. हा चीक हवेत आला की घट्ट आणि चिकट होतो, छोट्या किड्याचं तोंडच बंद करून टाकतो. ही अळी शीर आधी तोडते, चीक तिथेच गळून जातो आणि पुढचा पानाचा तुकडा कोरडा पडतो. मग सावकाश जेवायला बसते. तिला कुणी शिकवलं नाही. वेलीने मुळाशी एक पहारा ठेवला, पानाशी दुसरा, आणि दुसऱ्याला ही एवढीशी बया चकवून बसली आहे.

काही दिवसांनी ती पानाखाली उलटी लटकेल आणि तिचा कोश होईल. तो बघायला मात्र नक्की थांबा. चकचकीत रुपेरी, इतका की त्यात तुझं नाक दिसेल. त्यातून निघणारं फुलपाखरू तपकिरी-काळं, कडेला पांढरे ठिपके, संथ उडणारं. पक्षी त्याच्या वाटेला सहसा जात नाहीत, कारण ते बेचव लागतं. चुकून कुणी चोचीत धरलंच तर पंख चामड्यासारखे चिवट, सहज फाटत नाहीत, आणि स्वारी मेल्याचं सोंग घेते. त्यातले नर खुळखुळ्याच्या वाळक्या झुडपांवर बसून त्यातला कडू रस घेतात आणि त्यापासून मादीला रिझवायचा वास बनवतात. तोही वासाचाच व्यवहार, पण तो हवेतला.

आता थोडा इतिहास, मग घरी. कोचीनला डच लोकांचं राज्य होतं तेव्हा व्हान ऱ्हीड नावाच्या त्यांच्या गव्हर्नराने मलबारच्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ करवून घेतला, ‘होर्तुस मलबारिकुस’. १६७८ ते १६९३ या काळात १२ खंड ॲम्स्टरडॅमला छापले. माहिती देणारे कोण? इट्टी अच्युदन नावाचे मल्याळी वैद्य, आणि रंगभट, विनायक पंडित व अप्पूभट हे तिघे कोकणी वैद्य. त्या तिघांनी १६७५ मध्ये कोकणीत लिहून दिलेलं प्रमाणपत्र पहिल्या खंडात नागरी अक्षरांत छापलेलं आहे. या ग्रंथाच्या दहाव्या खंडात आपली वेल ‘नरुनिंडी’ या मल्याळी नावाने आलीय. आज मद्रासकडे आणि रायलसीमेत जे नन्नारी सरबत मिळतं ते याच घराण्यातलं नाव. लिंबू पिळून, सोडा घालून देतात. मदुराईच्या जिगरठंडा नावाच्या प्रकारातही नन्नारीचा पाक असतो.

मग इंग्रज आले. त्यांच्याकडे सार्सापरिला नावाचं मूळ मध्य अमेरिकेकडून यायचं, रक्तशुद्धीला म्हणून. महाग आणि लांबचं. इथे उपळसरी दिसली, लोक तीही रक्तशुद्धीला घेतात असं कळलं, की लगेच तिचं नाव ठेवलं ‘इंडियन सार्सापरिला’. १८६४ च्या ब्रिटिश फार्माकोपियात, म्हणजे त्यांच्या सरकारी औषधांच्या ग्रंथात, ती जाऊन बसली. पण खऱ्या सार्सापरिलाशी हिचं काही नातं नाही. तिची खरी नातलग आपल्या रानातली घोटवेल, काटेरी, समांतर शिरांच्या पानांची. घोटवेल एकदल, गवत-केळीकडची. उपळसरी द्विदल, रुईकडची. दोघी एकाच जाळीत वाढतात, आणि ज्या वेलीला विलायतेत सार्सापरिला म्हणून मान मिळाला ती वेगळीच निघाली.

नातं कुणाशी आहे ते मात्र ऐकण्यासारखं आहे. केनियाच्या पश्चिम भागात मुकोंबेरो नावाचं मूळ बाजारात विकतात, लोक ते येता-जाता चघळतात. त्याला वास येतो व्हॅनिलाचा. द्रव्य तेच, उपळसरीतलंच, आणि वेलही त्याच उपकुळातली. मघाशी ज्या दक्षिणी भावंडाचं बोललो तेही त्यातलंच. त्याला कर्नाटकात मागळी बेरु म्हणतात, मुळं जाडजूड, आणि त्यांचं लोणचं घालतात. बंगळूरला राहणाऱ्या तुमच्या मावशीने पाठवलं होतं, आठवतं? तुम्ही दोघांनी नाकं मुरडली होती. पुढच्या वेळी मुरडायची नाहीत. त्या मागळीची मुळं इतकी उपसली गेली की डोंगरांतून ती वेल दुर्मीळ झाली. नन्नारी म्हणून विकल्या जाणाऱ्या पाकात पुष्कळदा उपळसरीऐवजी तीच असते.

आपल्या उपळसरीवर तसली पाळी येणार नाही असं मी म्हणणार नाही. तिला जागाच अशी लागते, सई. उघड्या माळावर गुरं-शेळ्या खातात. दाट राईत खाली ऊन पोचत नाही. काटेरी कुंपण म्हणजे दोन्हीच्या मधली जागा. करवंदीचे काटे गुरांना अडवतात, वर चढायला आधार मिळतो, कडेने ऊन येतं आणि गडग्याच्या बुडाशी नांगर जात नाही. माणसाने कुंपण घातलं ते आंब्याच्या कलमांसाठी, पण त्याच्या आडोशाला हिच्यासारख्या किती जणी राहिल्या. आता जो उठतो तो जेसीबी आणतो, वई उखडतो आणि जांभ्याचे चिरे सिमेंटमध्ये बसवतो. भिंत देखणी होते, कबूल. सिमेंटच्या सांध्यातून उपळसरी उगवत नाही. पलीकडच्या आगराची भिंत मागच्या वर्षी झाली. तिथे पूर्वी पावसाळ्यानंतर या अळ्या पानापानावर असायच्या.

मुळं खणणाऱ्यांचंही एक तंत्र असतं. जुनी माणसं एका बाजूने मूळ मोकळं करून थोडं कापून घ्यायची आणि बाकीचं मातीने झाकायची. उरलेला तुकडा पुन्हा फुटतो. हल्ली बाजारासाठी खणणारे वेलीला धरून अख्खं खेचतात, मूळ तुटतं तिथे तुटतं, खड्डा उघडाच राहतो.

तर आता काम. शेजारच्या काकांशी माझं बोलणं झालंय. त्यांच्या भिंतीच्या पायथ्याला हातभर रुंदीची माती उरलीय, तिथे काही लावायला त्यांची हरकत नाही. उलट म्हणाले, लावा, तण तरी येणार नाही. हे मी आज घेतलेलं मूळ आहे, आजीच्या सरबतापुरतं काढून उरलेल्याचे बोटबोटभर तुकडे करू आणि तिथे चार बोटं खोल पुरू. दिवाळी सरली तरी जमीन अजून ओलसर आहे, पुढे पाणी मी घालीन. मिहिर, कुदळ राहू दे, खुरपंच आण. आणि सई, तिकडून शेळ्या येतात. करवंदीच्या चार काट्या तोडून वर टाकायच्यात, हाताला फडकं गुंडाळून घे आधी.